ओल्या कचऱ्याआधी सुका पाला

वसाहतीतल्या ४२ घरांचा ओला कचरा आवारातच कुजवून त्याचे खत करायचे, हे काम आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून तीन वर्षांपूर्वी हाती घेतले. पहिला प्रयत्न पाच आठवड्यांत फसला आणि दुसरा टिकला. दोन्ही वेळा माणसे तीच होती, आवार तेच होते आणि कचराही तोच होता. फरक होता तो सुक्या पाल्याच्या साठ्याचा. ही गोष्ट आरंभीच कळली असती, तर काही कुटुंबांना विनाकारण झालेला त्रास टळला असता असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून हा सगळा अनुभव जसा घडला तसा लिहून ठेवत आहे.

सुरुवात झाली ती कचराडेपो प्रत्यक्ष पाहिल्यामुळे. आमच्या दारातून रोज सकाळी उचलला जाणारा कचरा शेवटी कुठे जातो हे पाहण्यासाठी आम्ही पाच जण तेथे गेलो होतो. दुरून टेकडीसारखा दिसणारा तो ढीग जवळ गेल्यावर ठिकठिकाणी धुमसत होता आणि त्याच्या पायथ्याशी काळेशार, दाट पाणी साचून एका चरातून वाहत होते. तेथे काम करणाऱ्या एका बाईंना मी विचारले, की सगळा ढीग तर प्लॅस्टिकचाच दिसतो, मग एवढा वास कशाचा? त्या म्हणाल्या, “ताई, वर दिसतं ते प्लॅस्टिक. वास, पाणी, आग हे सगळं आतल्या ओल्यामुळे. ओलं आलंच नाही, तर आमचं निम्मं दुखणं कमी होईल.”

त्यांनी एका वाक्यात सांगितलेले शास्त्र मी नंतर नीट समजून घेतले. अन्नाचा कचरा मातीत उघड्यावर पडला तर हवेच्या सान्निध्यात तो कुजतो आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते. तोच कचरा शेकडो टन कचऱ्याखाली दाबला गेला, की त्याला हवा मिळत नाही, हवेविना जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि मिथेन तयार होतो. कचराडेपोतून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा भाग मिथेनचा असतो. वजनास वजन धरले तर हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट उष्णता अडवतो. काही डेपोंमध्ये नळ्या घालून हा वायू गोळा केला जातो. परंतु अन्न इतके लवकर कुजते, की नळ्या बसेपर्यंत त्यातला बराचसा मिथेन हवेत निघून गेलेला असतो. आतल्या आगी धुमसत राहतात त्या या वायूमुळे, आणि पायथ्याचे काळे पाणी असते ते अन्नातल्याच ओलाव्याचे, वाटेत भेटलेले सगळे विष सोबत घेऊन जमिनीत उतरणारे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा १९ टक्के भाग होता आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. दरडोई हिशेब केला तर घरातून वाया जाणारे अन्न वर्षाला ७९ किलो भरते. यात खाण्याजोगे उरलेले अन्न आणि साली-देठांसारखे न खाण्याजोगे भाग दोन्ही धरलेले आहेत. हा आकडा वाचल्यावर, आपल्या वसाहतीत किती निघतो हे मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही असे आम्ही ठरवले.

एक आठवडा आम्ही प्रत्येक घराची ओल्या कचऱ्याची बादली वजनकाट्यावर ठेवली. सात दिवसांची बेरीज १८४ किलो झाली, म्हणजे दिवसाला सुमारे २६ किलो. त्या मोजणीच्या आधारे आम्ही आवाराच्या मागच्या कोपऱ्यात विटांचा एक मोठा हौद बांधला आणि उत्साहाने कामाला लागलो. रोज सकाळी ओला कचरा हौदात टाकायचा, वर मूठ-दोन मूठ वाळलेली पाने पसरायची, आठवड्यातून एकदा बाजारात मिळणारे जिवाणूंचे द्रावण शिंपडायचे, असा आमचा क्रम होता. ओला कचरा आम्ही ग्रॅमपर्यंत मोजला होता. सुका किती लागेल हा प्रश्न मात्र एकाच्याही मनात आला नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हौदाच्या तळातून पाणी पाझरू लागले. तिसऱ्या आठवड्यात माश्या आल्या. चौथ्या आठवड्यात वास इतका वाढला, की हौदाला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या कुटुंबाला दिवसभर खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. त्या घरातल्या आजी आजारी होत्या. त्यांच्या सूनबाई बैठकीत शांतपणे म्हणाल्या, “तुमचं काम चांगलं आहे हे मला पटतं, पण त्याचा त्रास एकट्या आमच्या घरानेच का सोसायचा?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सार्वजनिक कामाची किंमत एखाद्याच घराकडून वसूल होत असेल, तर त्या कामाचा हेतू कितीही चांगला असला तरी ते चुकलेलेच असते. पाचव्या आठवड्यात आम्ही काम थांबवले आणि सर्वांसमोर त्या कुटुंबाची क्षमा मागितली.

हौद उपसण्याचे काम आम्ही बाहेरच्या माणसांवर सोपवले नाही. वरचा वीतभर थर काढल्यावर खाली राखाडी-काळा, चिकट लगदा होता आणि त्याला सडक्या अंड्यासारखा दर्प येत होता. कचराडेपोत जे टेकडीएवढे पाहिले होते, तेच आम्ही आवारात लहान आकारात तयार करून ठेवले होते. आमच्या बागेची देखभाल करणारे माळीकाका फावडे टेकवून उभे होते. ते म्हणाले, “हे कुजलं नाही ताई, सडलंय. ढिगाला श्वासच घेता आला नाही.”

कुजणे आणि सडणे हे दोन शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्या दिवसापासून आमच्या गटात मात्र त्यांचे अर्थ पक्के वेगळे झाले: हवेत होते ते कुजणे, हवेविना होते ते सडणे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात वजनाने ७० ते ८० टक्के पाणीच असते. असा कचरा एकावर एक पडला, की त्याच्याच भाराने तो दबतो, मधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवेची वाट बंद होते. वाळलेली पाने, बारीक काटक्या, फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा मिसळला तर जास्तीचे पाणी त्यात शोषले जाते आणि ढिगात पोकळ्या टिकून राहतात. दुसरे कारण जिवाणूंच्या आहाराचे आहे. त्यांना एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन मिळाला, तर ते सर्वांत चांगले काम करतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण बहुधा १५ ते २० च्या घरात असते, वाळलेल्या पानांत ते पन्नास-साठच्या आसपास जाते आणि लाकडाच्या भुशात काही शेकड्यांत असते. म्हणून नुसता ओला कचरा आपल्या बळावर नीट कुजतच नाही. जिवाणूंचे द्रावण आम्ही आणखी दहा पट शिंपडले असते तरी काही उपयोग झाला नसता, कारण जिवाणूंची उणीव मुळात नव्हतीच. त्यांना हवा आणि सुके खाद्य हवे होते.

व्यवहारात हा हिशेब घमेल्याने करता येतो. एक घमेले ओल्या कचऱ्याला दोन घमेली सुका माल, हे माप आम्ही धरले आणि तेच आजतागायत चालू आहे. आमच्या रोजच्या २६ किलोंना त्यामुळे दररोज एक मोठे पोतेभर पाला लागतो, आणि वर्षाची पोती मोजली की डोळे उघडतात. झाडे पाने गाळतात ती वर्षातले काही आठवडे, स्वयंपाकघर मात्र बारा महिने चालते. आमच्या आवारातला पाला तोपर्यंत झाडून एका कोपऱ्यात जाळला जात असे, नाहीतर त्याच कचऱ्याच्या गाडीतून डेपोकडे पाठवला जात असे. जे आम्हाला सर्वांत जास्त हवे होते ते आम्ही स्वतःच्या हाताने फेकत आलो होतो.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी आम्ही चार महिने ओल्या कचऱ्याला हात लावला नाही. फक्त पाला जमवला. माळीकाकांनी सांगितल्यावरून आजूबाजूच्या दोन बागांतला आणि एका शाळेच्या पटांगणातला पाला आम्ही मागून आणला, तो कोरडा असतानाच पायाने दाबून पोत्यांत भरला आणि छपराखाली रचला. जवळच्या सुतारकामाच्या कारखान्यातून भुसा मिळाला. तो घेताना प्लायवूडचा, रंग किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा नको हे स्पष्ट सांगावे लागले. या चार महिन्यांत अनेकांनी विचारले, की काम सुरू कधी होणार? काम सुरू झालेले आहे, असे उत्तर मी देत असे आणि ते अक्षरशः खरे होते.

याच काळात, काही तासांत कचऱ्याचे खत करून देणारे विजेचे यंत्र घ्यावे, असा प्रस्ताव आला. आम्ही एका ठिकाणी ते चालताना पाहिले. बाहेर येणारी पूड तपकिरी आणि कोरडी होती, पण ती पाण्यात भिजवून दोन दिवस झाकून ठेवल्यावर तिला पुन्हा आंबूस वास आला आणि बुरशी चढली. उष्णतेने अन्न वाळवले, दळले की त्याचे आकारमान घटते हे खरे, पण ते खत होत नाही. कुजण्याला लागणारा काळ यंत्र वाचवू शकत नाही, हे माझे मत त्यानंतर बदललेले नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही एका मोठ्या हौदाऐवजी चार कप्पे केले. प्रत्येक कप्पा दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच आहे. तिन्ही बाजूंना हवा जाण्यासाठी फटी ठेवलेल्या लाकडी फळ्या, पुढची बाजू काढता येण्याजोगी आणि वर पावसाचे पाणी अडवणारे छप्पर. कप्पे त्या तळमजल्यावरच्या घरापासून आवारातल्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात हलवले. तळाला आधी वीतभर जाड काटक्यांचा थर, म्हणजे खालूनही हवा येते. त्यावर एक घमेले ओले, दोन घमेली सुके, दाताळ्याने मिसळायचे, आणि दिवसाचे काम संपताना सगळ्यांत वर पाल्याचे जाड पांघरूण. ओल्या कचऱ्याचा एकही तुकडा उघडा दिसता कामा नये, हा नियम आम्ही अतिशय काटेकोरपणे पाळला, आणि माश्या न येण्याचे श्रेय मी सर्वस्वी या पांघरुणाला देते.

सुके आणि ओले यांचे थर लावून ठरावीक दिवसांनी ढीग पलटण्याची ही रीत जुनी आहे. इंदूरच्या संशोधन केंद्रात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात शेतातले वनस्पतींचे अवशेष आणि शेण यांवर काम करून ती शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली, आणि इंदूर पद्धत या नावाने ती जगभर गेली. आम्ही वेगळे काही केले नाही. शेताच्या जागी वसाहत आणि शेणाच्या जागी स्वयंपाकघरातला कचरा एवढाच बदल.

पहिला कप्पा तीन आठवड्यांत भरला. तो पलटून ओलावा बेताचा केल्यावर आम्ही लांब दांड्याचा तापमापक ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून रोज सकाळी नोंद घेऊ लागलो. पहिल्या दिवशी ३६ अंश सेल्सिअस, दुसऱ्या दिवशी ४७ आणि चौथ्या दिवशी ५९. त्या सकाळी फळी काढल्यावर ढिगातून वाफ वर आली आणि ती पाहायला आजूबाजूची मुले धावत आली. ही उष्णता बाहेरून दिलेली नव्हती. लक्षावधी सूक्ष्मजीवांनी खाता-खाता ती निर्माण केली होती आणि घनमीटरपेक्षा मोठ्या ढिगाने ती आत धरून ठेवली होती. ढीग फार लहान असेल तर तयार झालेली उष्णता लगेच निसटते. तापमान सलग तीन दिवस ५५ अंशांच्या वर राहिले की रोगकारक जंतू आणि तणांचे बी बहुतांशी मरते, असे मानले जाते. पण ढिगाच्या कडा थंड असतात, म्हणून बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर आणण्यासाठी पलटणे आवश्यक असते. तापमान ६५ च्या पुढे जाऊ लागले तर उपयोगी जिवाणूही मरू लागतात, त्यामुळे तेव्हा ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता आम्ही ढीग लगेच पलटतो.

ओलावा पाहण्याची आमची कसोटी मुठीची आहे. मूठभर माल घेऊन घट्ट दाबला, तर बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा. पाण्याची धार लागली तर आणखी पाला. गोळा फुटून भुगा झाला तर झारीने पाणी. वासाचेही तसेच आहे. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन वाया जातो आहे, म्हणजे सुके कमी पडले आहे. सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडली आहे. सहा महिन्यांनी आमच्यापैकी प्रत्येक जण फळी काढण्याआधीच ढिगाला काय हवे ते सांगू लागला. एकदा पांढुरक्या अळ्यांचा मोठा घोळका दिसला तेव्हा काही घरांत घबराट झाली होती. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या होत्या. ही माशी घरात शिरून अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात, हे समजावून सांगितल्यावर लोक निवळले.

माणसांच्या बाजूचे काम जास्त वेळखाऊ होते. पहिल्या कप्प्यातून आम्हाला अकरा चमचे, रबरबँड, फळांवरची असंख्य चिकटपट्टीची लेबले आणि जशाच्या तशा राहिलेल्या पिशव्या मिळाल्या. त्या पिशव्यांवर त्या कुजणाऱ्या असल्याचे छापलेले होते. पण अशा अनेक पिशव्या मोठ्या औद्योगिक प्रकल्पातली, कित्येक आठवडे सलग टिकणारी उष्णता गृहीत धरून बनवलेल्या असतात. आम्ही पिशव्याच बंद केल्या आणि प्रत्येक घराला झाकणाची बादली दिली, तळाशी जुन्या कागदाची घडी घालायला सांगितली. चमचे मात्र आम्ही स्वच्छ धुऊन जिन्याजवळच्या टेबलावर मांडून ठेवले. ओरडून किंवा दंड लावून जे झाले नसते ते त्याने झाले. प्रत्येकाने आपला चमचा ओळखून नेला आणि पुढच्या कप्प्यात दोनच निघाले. शिजवलेले उरलेले अन्न आम्ही पहिले सहा महिने घेतले नाही. नंतर ढीग नीट तापतो याची खात्री पटल्यावर, पाणी निथळून आणि ढिगाच्या मधोमध पुरून घेऊ लागलो. हाडे, मांस आणि तेल आजही घेत नाही.

चौथा कप्पा भरेपर्यंत पहिल्याला नऊ आठवडे मिळाले होते. ढीग निम्म्याहून खाली बसला होता, तापमान हवेइतके झाले होते आणि फळी काढल्यावर पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास आला. तरीही आम्ही ते खत लगेच वापरले नाही. अर्धवट पिकलेल्या खतात सेंद्रिय आम्ले शिल्लक असतात, त्यांनी कोवळी मुळे जळू शकतात, आणि उरलेले कुजणे पूर्ण करण्यासाठी जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात. म्हणून ते बाजूला सावलीत आणखी सहा आठवडे मुरवले. मग एका कुंडीत खत मिसळलेली माती आणि दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत मुळ्याचे बी पेरले. दोन्हींत रोपे सारखीच उगवली तेव्हा ते चाळायला घेतले. पहिल्या कप्प्याचे चाळून सुमारे १७० किलो निघाले. चाळणीवर राहिलेला जाडाभरडा माल नव्या ढिगात विरजण म्हणून घातला, आणि पहिले पोते आम्ही त्या तळमजल्यावरच्या घरी नेऊन दिले. आजी तोपर्यंत बऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मूठभर खत हातात घेऊन हुंगले आणि सूनबाईंना म्हणाल्या, “मोगऱ्याला घाल.”

वजनाची वही आम्ही अजून लिहितो, कारण तिने अनपेक्षित असे काही दाखवले. पहिल्या वर्षाच्या अखेरीस आठवड्याचे वजन १८४ वरून १५० किलोंच्या आसपास आले. घरे तेवढीच होती आणि डेपोच्या गाडीतही ओले जात नव्हते, हे आम्ही तपासले. बादली दर आठवड्याला काट्यावर चढू लागल्यावर लोक बेतानेच रांधू लागले होते आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू लागले होते. अन्न वाया गेल्यानंतर त्याचे खत करणे ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. ते पिकवताना लागलेले पाणी, जमीन आणि श्रम खतातून परत येत नाहीत. ढीग चालवणाऱ्या आम्हाला ढीग लहान होण्याचा आनंद झाला, तो यामुळेच.

यंदा पानगळ उशिरा सुरू झाली आणि छपराखालची पोती बारावर आली आहेत. नव्या शाळेशी बोलणे झाले आहे, तेथील पटांगणात मोठी झाडे आहेत आणि पाला अजून जाळला जातो. रविवारी सकाळी माळीकाका आणि आम्ही सहा जण रिकामी पोती आणि दाताळी घेऊन तेथे जाणार आहोत. तोवर भुसा आणि फाडलेल्या पुठ्ठ्यावर काम चालू आहे, आणि एकास दोन हे माप आम्ही एका दिवसासाठीही मोडलेले नाही.